साती आसरांचं कुंकू

१

पहिली टाकी मेली होती.

द्वारकाबाई परचुरे शिडीची शेवटची पायरी चढल्या आणि कठड्याला धरून नुसत्या बघत राहिल्या. ब्लोअर घुमत होता, तळातून हवेचे बुडबुडे वर येत होते, सगळं कसं रीतसर चाललं होतं. पाणी मात्र नासलेल्या दुधासारखं पांढुरकं होतं आणि वर राखाडी चोथा तरंगत होता. शेजारची दुसरी टाकी विटकरी, दाट, नांगरलेल्या रानाचा वास येणारी. म्हणजे धडधाकट. दोन्ही टाक्यांना हवा एकाच ब्लोअरची. मग एक जगते आणि एक मरते, हे कसं?

'मेली' हा शब्द बाई उगाच वापरत नव्हत्या. मैलापाणी यंत्रानं शुद्ध होत नाही, जिवांनी होतं. अशा टाकीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. ब्लोअर त्यांना हवा देतो, ते घाण खातात, गुठळ्या होऊन तळाशी बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. अठरा वर्षं द्वारकाबाई शहरभर हिंडून अशा पाण्याच्या बाटल्या भरत आणि ते नदीत सोडण्याच्या लायकीचं आहे की नाही ते प्रयोगशाळेत ठरवत. हळदीकुंकवाला कुणी 'आपण काय करता?' विचारलं की त्या सरळ सांगत, 'लोकांचा मैला तपासते.' पुढचा प्रश्न येत नसे.

वारज्याच्या या आयटी कॅम्पसमध्ये सहा हजार माणसं काम करायची. आपण फ्लश ओढल्यावर पुढे काय होतं, हे त्यांतल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं. २००६ सालची ही त्यांची इथली पहिलीच दिवाळी, आणि सुट्टीमुळे सगळं ओस पडलं होतं. सात मजली काचेच्या इमारतीवर ढगांची प्रतिबिंबं सरकत होती आणि आत एकही माणूस नव्हता.

या केंद्राचे दिवसपाळीचे ऑपरेटर रंगराव परवा पाडव्याला इथेच मेलेले सापडले होते. रंगराव वारज्याचेच. त्यांच्याच रानावर हा कॅम्पस उभा राहिला. वसंतात केंद्र सुरू झालं तेव्हा शेण आणि गूळ घालून त्यांनी या टाक्या विरजण लावावं तशा लावल्या होत्या. द्वारकाबाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून टाकीतला एक थेंब दाखवला, त्या दिवसापासून ते त्या जिवांना लेकरं म्हणायला लागले. सुट्टीत कॅम्पस रिकामा पडला, पाणी येईनासं झालं की लेकरं उपाशी राहू नयेत म्हणून घरून गूळ आणायचे. बाईंना त्यांची फार आठवण आली.

ऑपरेटरच्या खोलीत तो सूक्ष्मदर्शक अजून होता. बाईंनी पहिल्या टाकीतला थेंब त्याखाली धरला. काहीही हललं नाही. रासायनिक कागद बुडवला, पण आम्ल नाही, काही नाही. उलट थोडा चुन्याचा अंश. खिडकीत जॅमच्या दोन बाटल्या होत्या, एक विटकरी, एक पांढुरकी. टाकीतलं पाणी बाटलीत भरायचं, पट्टी चिकटवून वेळ लिहायची आणि गाळ कसा बसतो ते बघायचं, ही रंगरावांची रोजची सवय. मेलेल्या माणसाचं अक्षर कचऱ्यात जाऊ नये म्हणून बाईंनी दोन्ही बाटल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकल्या.

मग त्या विहिरीपाशी गेल्या. कॅम्पसभरचं मैलापाणी आधी एका खोल खड्ड्यात जमायचं. त्याला सगळे विहीर म्हणत, कारण पूर्वी तिथे खरोखरच रंगरावांची विहीर होती. इथेच ते सापडले. लोखंडी झाकण अर्धवट सरकवलेलं होतं आणि त्यावर पाच पिवळी बोटं उठलेली होती. हळदीची असावीत.

बाई फटीवर वाकल्या. कुजलेल्या अंड्यांचा वास भसकन नाकात शिरला. त्यांनी श्वास रोखला, पुन्हा घेतला, आणि वास नाहीसा झाला. हवा एकदम स्वच्छ वाटायला लागली. आत काळोखात कुठेतरी पाणी हळूच डुचमळलं.

सडलेल्या मैल्यातून सुटणारा हा वायू वाढला की आधी नाक बधिर करतो, मग माणसाला मारतो. वास गेला नव्हता. त्यांचं नाक गेलं होतं.

२

"मॅडम, आर यू ऑल राइट?"

मागून कुणीतरी दंडाला धरून त्यांना ओढलं होतं. दिग्विजय, कॅम्पसचे मॅनेजर. वय बत्तीस, इस्त्रीचा शर्ट, कमरेला दोन मोबाइल. त्यांनी बाईंना ऑफिसात नेलं, पाणी दिलं, पंखा लावला. माणूस गोड होता, यात वाद नाही.

"व्हेरी सॅड, मॅडम. मी कोल्हापूरला होतो, पाडव्याला घरी. फोन आला तसा निघालो, भाऊबीजेला दुपारी पोचलो. तोवर सगळं ओव्हर."

"पोलीस काय म्हणतात?"

"ओपन अँड शट. रात्रपाळीचा वैजनाथ ब्लोअर बंद करून झोपला, आवाजाचा त्रास होतो म्हणून. रात्रभर गॅस साठला आणि दिवसा रंगराव त्यात उतरले. वैजनाथ लॉकअपमध्ये आहे. उद्या अकराला कोर्ट."

"रंगराव उतरले कशाला?"

दिग्विजय खेदानं हसले. "सुपरस्टिशन, मॅडम. विहिरीत त्यांच्या कुठल्या तरी जलदेवता राहतात म्हणे. झाकणावर कुंकवाची सात लाल बोटं उठवून ठेवली होती! यूएसचे क्लायंट व्हिजिटला येतात, त्यांनी काय समजायचं?"

"पहिल्या टाकीत चुना कुणी टाकला?"

"मीच टाकायला लावला, काल. तिथे आणि विहिरीत. फार स्मेल होता. उद्या दहाला दोन्ही टाक्या रिकाम्या करून ब्लीचिंगनं धुऊन घेतोय. फ्रेश स्टार्ट."

"दुसरी टाकी जिवंत आहे," बाई म्हणाल्या.

"सॉरी?"

"काही नाही. तुमच्या हिशेबात ते बसणार नाही."

बाहेर पडताना त्यांनी मागे पाहिलं. दिग्विजय काचेमागे उभे होते आणि त्यांच्याकडे नाही, विहिरीकडे बघत होते.

३

वैजनाथ चाळिशीचा, वाशीमकडचा. कोठडीच्या गजांना धरून उभा होता. बायको आणि दोन मुली गावी होत्या, आणि बाप कोठडीत आहे हे त्यांना अजून कुणी कळवलं नव्हतं.

"मॅडम, मी काहून बंद करीन ब्लोअर? सकाळी सहाले चालू ठेवून गेलो. संध्याकाळी सहाले आलो त बंद. झाकण उघडं, अन् आत रंगराव भाऊ. मी पयले ब्लोअर चालू केला, मंग बोंब मारली. तेच चुकलं म्हणते साहेब. बटनावर माह्येच ठसे."

"रंगराव कसे होते?"

"लोखंडी पायऱ्या धरून, लटकल्यावानी. उजवा हात चाकावर आवळलेला. दोन नंबरच्या टाकीकडं पाणी सोडतो ना आपण, त्या चाकावर. फायरवाल्यायले बोटं सोडवाव लागले."

"आणखी काही वेगळं दिसलं?"

"झाकणावर हळदीचे पाच बोटं होते. सकाळी मी गेलो तवा नव्हते." तो गजांच्या आणखी जवळ आला. "मॅडम, माह्या पोरींयले सांगू नका."

फौजदार दारातच उभे होते. "मरणारा माणूस हाताला येईल ते धरतो, बाई. त्यात अर्थ शोधू नये." अर्थ नाही असं सांगणारे लोक त्यांना रोज भेटत.

परतताना त्या कॅम्पसच्या मागच्या फाटकाशी थांबल्या. शुद्ध झालेलं पाणी बांधकामांना न्यायला टँकर तिथून यायचे. ते टँकर जयसिंगचे. जयसिंग हा रंगरावांचा चुलतभाऊ, आणि या रानाच्या वाटणीवरून दोघं सहा वर्षं बोलत नव्हते, हे अख्ख्या वारज्याला ठाऊक होतं. फाटकाच्या किल्ल्या दोनच, एक मॅनेजरकडे आणि एक जयसिंगकडे. तो कट्ट्यावर बसला होता.

"हाय की माझ्याकडं किल्ली. मग?"

"पाडव्याला तुमचा टँकर आला होता आत?"

"पाडव्याला? माझ्या गाड्या दारात हार घालून उभ्या व्हत्या, इचारा कुनाला बी. सनाला बांधकामं बंद, पानी कोन पिनार?" त्यानं फाटकाच्या आतल्या मातीकडे मान हलवली. तिथे जड चाकांच्या खुणा होत्या, कडा अजून न ढासळलेल्या. "कुनी आलं खरं. जाताना खुना उथळ हायत, येताना खोल. म्हंजी भरून आला आन् रिकामा गेला. माझं उलटं असतंय."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हे त्याला ठाऊक होतं, तर पोलिसांना का नाही सांगितलं?

"मला कुनी इचारलं?" जयसिंग म्हणाला, आणि एकदम त्याचा आवाज उतरला. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमाला खोटं वाटंल. पर झाकनावर पाचच बोटं हायत. त्या हिरीवर साती आसरा. सात बोटं लावायची रीत हाय आमच्यात. दोघी उठून गेल्या, आन् रंगाला संगं घिऊन गेल्या."

सात. बाईंना काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना.

४

यमुनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात चूल पेटली नव्हती. शेजारणीनं लिंबाचं सरबत आणून दिलं, बाईंनी त्यात आणखी अर्धं लिंबू पिळलं.

"पोलीस म्हनत्यात, खुळ्या समजुतीपायी खाली उतरला," यमुनाबाई म्हणाल्या. "लोक म्हनत्यात, पिऊन पडला. बाई, त्यांनी उभ्या जल्मात ती वस्तू तोंडाला लावली न्हाई. मेल्या मानसाला असं नाव ठिवायचं? तुमी तरी काय ते शोधा."

"पाडव्याचं सगळं सांगा मला, यमुनाबाई. काही न वगळता."

"सकाळी आठला मी गेले. आसरांचे दगड कंपनीनं काढून टाकलं, जागा तर त्यांचीच हाय न्हवं? त्या लोखंडी झाकनावर मी सात बोटं लावली. यांना तितंच ओवाळलं. वारं येवढं व्हतं त्या मशिनीचं, निरांजन दोनदा इजलं. टाकीला वास असा येत व्हता, पेरनी झाल्यावानी. हे म्हनले, बघ लेकरं कशी खुशीत हायती."

म्हणजे सकाळी आठला ब्लोअर चालू होता आणि टाक्याही जिवंत होत्या. वैजनाथ खरं बोलत होता.

"मग?"

"बाराला घरी आले जेवायला. कवा येत न्हाईत. म्हनले, मॅनेजर सायबाचा फोन आला, पाडवा हाय, अर्धा तास घरी जाऊन जेवून ये. चांगला हाय साहेब. पुरनपोळी खाल्ली, साडेबाराला गेले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आन् संध्याकाळी मी पळत गेले तर माझं कुंकू पिवळं झाल्यालं."

"कुंकू? हळद नव्हती ती?"

"समदे हेच म्हनत्यात. दुःखानं हिचं डोस्कं फिरलं म्हनत्यात. बाई, मी कुंकू लावलं व्हतं. लालभडक! माझ्या हातचं, घरी केल्यालं, हळदीत चुन्याची निवळी घालून. सातातली दोन पुसली आन् पाच पिवळी पडली. आसरांनी माझं कुंकू पुसलं!" त्यांनी कोनाड्यातला करंडा काढून बाईंच्या पुढ्यात ठेवला. "हे घिऊन जावा. घरात नगं मला."

बाईंनी करंडा उघडला. कुंकू ताजं होतं, लाल. किती बारीक कुटलंय म्हणून त्यांनी चिमूट उचलली आणि हात उजेडात धरला.

यमुनाबाई किंचाळल्या.

द्वारकाबाईंच्या बोटावरचं कुंकू पिवळं होत चाललं होतं.

मग त्यांनी बोट नाकाशी नेलं. लिंबू! हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे कुठल्याही धुणं धुणारीला माहीत असतं. चुन्यानं लाल झालेली हळद आंबटानं पुन्हा पिवळी होते, ही त्याचीच उलटी बाजू. आसरांनी कुंकू पुसलं नव्हतं. झाकणावर ॲसिड सांडलं होतं.

त्यांनी पर्समधल्या बाटल्या भराभर बाहेर काढल्या. विटकरी बाटलीवर रंगरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पाडवा, स. ६.००'. पांढुरकीवर, 'पाडवा, दु. १२.४०'. त्यांनी पांढुरकीत कागद बुडवला. चुना टाकला भाऊबीजेला. ही बाटली त्याच्या आदल्या दिवसाची.

कागद लालबुंद झाला.

आणि त्याच वेळी बाईंना आठवलं, मघापासून काय टोचत होतं ते.

५

दुसऱ्या दिवशी दहाला ब्लीचिंगची पोती उतरत होती. विहिरीशी फौजदार होते, वैजनाथला घेऊन. जयसिंग होता, यमुनाबाई होत्या. दिग्विजय घड्याळ बघत होते.

"फौजदारसाहेब, दहा मिनिटं द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "एरवीही कोर्ट वेळेवर सुरू होत नाही."

त्यांनी दोन्ही टाक्यांकडे बोट दाखवलं. "ब्लोअर एक, टाक्या दोन. हवा बंद पडून नास झाला असता तर दोन्ही टाक्या नासल्या असत्या. इथे एकच मेली, आणि ती मेली ॲसिडनं. ही रंगरावांची बाटली, दुपारी बारा चाळीसची. सकाळी सहाची बाटली निरोगी आहे. म्हणजे जे झालं ते दिवसा झालं, वैजनाथ घरी झोपला होता तेव्हा."

"ॲसिड आलं कुठून?" फौजदार.

"मागच्या फाटकानं, टँकरमधून. रंगराव जेवायला गेले त्या अर्ध्या तासात विहिरीत ओतलं. चार दिवस कॅम्पस बंद, विहिरीच्या तळाला काळा गाळ सडत बसलेला. त्यावर ॲसिड पडलं की एकदम वायू सुटतो. रंगराव परत आले, त्यांनी पहिली टाकी पाहिली, बाटली भरली. पाणी आधी पहिल्या टाकीत जातं, ती भरली की दुसरीत. पहिली गेलीच होती. दुसरीकडे जाणारं पाणी बंद करायचं चाक विहिरीत आहे. ते उतरले. वास आला असेल, मग गेला असेल. त्यांना वाटलं असणार, धोका टळला."

ब्लोअर घुमत होता.

"किल्ल्या दोघांकडे," फौजदार जयसिंगकडे वळले.

"थांबा. या झाकणावर किती बोटं आहेत, आणि कसली?"

"पाच. हळदीची."

"वैजनाथ पाच पिवळी म्हणाला. जयसिंग पाच म्हणाले. मीही तेच पाहिलं. ॲसिड सांडल्यावर जो कुणी इथे आला, त्याला पाच पिवळीच दिसली. पण ती कुंकवाची होती, लाल होती, आणि सात होती. दोन ॲसिडच्या पाइपाखाली धुऊन गेली. लाल आणि सात कुणी पाहिली? लावणाऱ्या यमुनाबाईंनी, रंगरावांनी, आणि टँकर रिकामा होण्याआधी ज्यानं हे झाकण उघडलं त्यानं." त्या वळल्या. "दिग्विजय, तुम्ही मला काल काय म्हणालात? कुंकवाची सात लाल बोटं. तुम्ही तर कोल्हापूरला होता."

दिग्विजयांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "मॅडम, प्लीज. गावाकडे सगळे कुंकूच लावतात. आय जस्ट गेस्ड."

"अंदाज करणारा पाच म्हणाला असता. पाच बोटं डोळ्यांसमोर आहेत. सात म्हणायला बघावी लागतात. आणि कुणी सांगितली म्हणाल, तर यमुनाबाईंचं ऐकून घेणारं काल संध्याकाळपर्यंत कुणी नव्हतं. त्यांना वेडं ठरवून झालं होतं. रंगरावांना घरी जेवायला धाडणारा फोन तुम्ही केलात. तो कोल्हापूरहून केला की वारज्यातून, हे फौजदारसाहेब मोबाइल कंपनीला विचारतीलच."

फौजदारांनी हात पुढे केला. दिग्विजयांनी दोन्ही मोबाइल काढून दिले आणि ते कठड्याला टेकले.

"मेव्हण्याचा कारखाना आहे," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "लोखंड ॲसिडनं धुतात. ते वापरलेलं ॲसिड टाकायला जागा नव्हती. मॅडम, हे एसटीपी आहे ना? घाण साफ करायलाच बसवलंय ना? मला वाटलं, मशीन आहे. घालू, साफ होऊन जाईल."

"ते मशीन नव्हतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, असं धरून चालू. माणूस तर ओळखता येतो ना? ब्लोअर आधीच बंद असता तर रंगरावांनी तो चालू करूनच पाय आत घातला असता; म्हणजे तो ते उतरल्यावर बंद झाला, आणि तेव्हा तुम्ही इथेच होता. ब्लोअर कुणी बंद केला, दिग्विजय?"

दिग्विजयांची नजर विहिरीकडे गेली.

"त्यांनी एकदाच हाक मारली," दिग्विजय म्हणाले. "मग काहीच नाही. मी... मी वाट पाहिली. मग बटन बंद केलं."

यमुनाबाईंनी डोळे मिटून घेतले.

६

ब्लीचिंगची पोती पुन्हा टेम्पोत चढली. वैजनाथनं फौजदारांच्या मोबाइलवरून गावी फोन लावला, आणि 'मी बरा आहो' एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जयसिंग जाता जाता यमुनाबाईंपाशी थबकला. सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना 'वहिनी' म्हणाला.

"बाई," यमुनाबाई म्हणाल्या, "ते चाक... त्यांनी बंद केलं का पुरतं?"

"पुरतं. म्हणून दुसरी टाकी जगली. तिच्यातलं बोटभर घेऊन वैजनाथ पहिलीही पुन्हा लावेल."

द्वारकाबाईंनी दुसऱ्या टाकीतला थेंब काचेवर घेतला आणि यमुनाबाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पहिल्यांदा त्यांना काही दिसेना. मग त्या एकदम श्वास रोखून थांबल्या. देठांवर उभे असलेले चिमुकले पेले, हलणारे, मध्येच अंग चोरून घेणारे, पुन्हा उमलून तोंड उघडणारे.

"हीच का त्यांची लेकरं?"

"हीच."

यमुनाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मान वर केली तेव्हा त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाज घरातल्या बाईचा होता, रोजचा.

"पाडव्यापासनं कुनी जेवू घातलं न्हाई यांना." त्या उठल्या आणि रंगरावांच्या फडताळातला डबा शोधायला लागल्या. "वैजनाथा, गूळ कुटं ठिवत व्हते रे ते?"